प्लास्टिक सर्जरी सरकारी खर्चाने होते का?

गेल्या महिन्यात या सदराच्या नावाने आलेल्या पत्रांत एका शेतकरी वाचकांचे पत्र होते. ते लिहितात, ‘माझ्या मुलीचा उजवा हात चार वर्षांपूर्वी आंघोळीच्या कढत पाण्याने भाजला. जखम भरली, पण शेवटची दोन बोटे तळहाताकडे वळून तिथेच चिकटली आहेत. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. लिहिते, पण डाव्या हाताने. भांडुपला माझा धाकटा भाऊ असतो. तो म्हणतो, प्लास्टिक सर्जरी हे सिनेमावाल्यांचे काम, सरकार त्याला पैसे देत नाही. डॉक्टरसाहेब, हे ऑपरेशन हौसेचे धरतात का?’

त्याच आठवड्यात अंधेरीहून माझ्या एका भाच्याचा फोन आला. ‘मामा, नाकाचा बाक काढायचा आहे. आपल्याकडे योजनेचे कार्ड आहे, कूपरमध्ये फुकट होईल ना?’ भाचा धडधाकट आहे, श्वास नीट घेतो, नोकरी चांगली आहे. लग्नासाठी मुली पाहणे चालू आहे, एवढेच.

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात तीसहून अधिक वर्षे मी हेच पाहत आलो आहे. ज्याचा हक्क आहे तो संकोचाने घरी बसून राहतो आणि ज्याचा नाही तो खुशाल दार वाजवतो. यामागे एका शब्दाचा गोंधळ आहे, म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

‘प्लास्टिक’ या शब्दाचा आपल्या पिशव्या-बादल्यांशी काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे, आकार देणे असा आहे. या शास्त्राच्या दोन शाखा आहेत. भाजल्याने, अपघाताने, रोगाने किंवा जन्मतःच जे बिघडले ते पुन्हा उभे करणे ही एक शाखा. तिला पुनर्रचनेची शस्त्रक्रिया म्हणतात. जे मुळात ठीक आहे ते अधिक देखणे करणे ही दुसरी. तिला सौंदर्यशस्त्रक्रिया किंवा इंग्रजीत कॉस्मेटिक सर्जरी म्हणतात. सार्वजनिक पैसा पहिलीसाठी आहे, दुसरीसाठी नाही. भाच्याला नकार आणि पत्रातल्या मुलीला होकार, हे इतके सरळ आहे.

आता योजना काय म्हणतात ते पाहू. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई उपनगर हा त्यांतला एक जिल्हा. पुढे ती राज्यभर गेली आणि तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली व नंतर दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पूर्वीसारखे केवळ पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेचे बंधन राहिलेले नाही. या योजनांत भाजलेल्या रुग्णांचे उपचार व प्लास्टिक सर्जरी यांचा समावेश आहे. वगळले आहे ते केवळ सौंदर्यासाठी केलेले उपचार. खाजगी विमा घेतलेल्यांनाही हेच लागू आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये जी सामायिक कलमे ठरवून दिली, त्यांत रूप बदलण्याचा खर्च मिळणार नाही असे म्हटले आहे. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यातून मोकळी ठेवली आहे. आरोग्याला थेट धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे लिहून दिले असेल, तर तेही चालते.

‘डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर’ हे शब्द पुन्हा वाचा. सगळी गोम तिथेच आहे. त्यासाठी एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या डोंगराळ भागातल्या एका वस्तीतून एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला तापासाठी घेऊन आल्या. मे महिना होता, तरी मुलीने ओढणी हनुवटीपर्यंत गुंडाळलेली. घसा पाहायचा म्हणून ‘बाळ, वर बघ’ म्हटले, तर तिने मान वर न करता कमरेतून मागे वाकून छताकडे पाहिले. ओढणी काढायला लावली तेव्हा कळले. सात वर्षांची असताना अंगावर कढत तेल सांडले होते. गळ्यावरची कातडी आकसून हनुवटी छातीकडे ओढली गेली होती. खालचा ओठ बाहेर वळला होता, तोंड पुरते मिटत नव्हते आणि बोलता बोलता लाळ ओघळे. ओढणी त्यासाठी होती.

मी आईला जरा रागानेच विचारले, इतकी वर्षे काय केलेत? त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात जपून ठेवलेला एक जुना केस पेपर काढला. पाच वर्षांपूर्वीचा. एका रुग्णालयाने (नाव सांगत नाही) तपासून त्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: चेहऱ्यावर व मानेवर व्रण, कॉस्मेटिक शस्त्रक्रियेची इच्छा. बाईंना वाचता येत नव्हते. योजनेच्या खिडकीवर तो कागद दाखवल्यावर ‘ताई, हे रूपाचे आहे, यात बसत नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणीही तेच. मग त्यांनी जाणे सोडले. मला म्हणाल्या, ‘पोळीभाजीची कामं करून मी घर चालवते. पोरीच्या रूपासाठी सरकारपुढं हात पसरायचा, मलाच लाज वाटायची.’

एका शब्दापायी पाच वर्षे गेली. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, गर्दीत घाईने लिहिले असेल. पण त्या काळात मुलीची हाडे वाढत होती आणि कातडी मात्र वाढत नव्हती. आकसलेला व्रण लवचिक नसतो. मूल उंच होते तसा तो अधिक ओढतो आणि जबड्याची वाढही वाकडी होऊ शकते. शिवाय अशा वाकलेल्या मानेत भूल देण्याची नळी श्वासनलिकेत घालणे भूलतज्ज्ञाला फार अवघड जाते. उद्या त्या मुलीला साध्या अपेंडिक्ससाठी टेबलावर घेतले असते तरी जिवाला धोका होता. यात रूपाचा प्रश्न कुठे आला?

मी नवी चिठ्ठी लिहिली. तिच्यात ‘विद्रूप’ हा शब्द एकदाही नव्हता. मान किती अंशांपर्यंत वर उचलते, ओठ मिटत नाहीत, लाळ गळते, घास सांडतो, शाळेत फळ्याकडे बघण्यासाठी पाठ वाकवावी लागते आणि आता पाठ दुखते, भूल देण्यात धोका आहे, एवढे मोजून लिहिले. सोबत समोरून आणि बाजूने काढलेले फोटो जोडले. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. खोटे लिहावे असे मी कोणालाही सुचवणार नाही. तोच रोग, तीच मुलगी, फक्त जे होते ते नीट लिहिले. पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला दाखल करून घेतले. आकसलेला व्रण मोकळा करून मांडीची कातडी मानेवर लावली. पुढे आणखी एक लहान शस्त्रक्रिया झाली.

इथे एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवली पाहिजे. लावलेली कातडी पुन्हा आकसण्याचा प्रयत्न करते. म्हणून मानेला कॉलर किंवा स्प्लिंट कित्येक महिने रात्रंदिवस लावावा लागतो, व्यायाम करावे लागतात, मालीश करावे लागते. शस्त्रक्रिया फुकट झाली आणि कॉलर खुंटीला टांगली, तर वर्षभरात मान पुन्हा खाली. या मुलीच्या आईने मात्र सहा महिने कॉलर निघू दिली नाही. मुलगी चिडायची, रडायची, मला येऊन तक्रारी सांगायची. हाताची बोटे, काख, गुडघ्याची लवण, जिथे जिथे सांधा आहे तिथे हाच नियम आहे.

केव्हा जावे, हाही प्रश्न असतो. साधारणतः व्रण पिकायला, म्हणजे लाली आणि ताठरपणा उतरायला, सहा महिने ते वर्ष लागते आणि तोवर पुनर्रचना थांबवतात. पण डोळ्याची पापणी मिटत नसेल तर थांबू नये. उघड्या राहिलेल्या डोळ्यावर फूल पडून दृष्टी जाऊ शकते. मान आणि तोंड फार ओढले जात असेल तरी डॉक्टर लवकर हात घालतात. आणि मुळात भाजल्या क्षणी वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप लावू नये. हे मी या सदरात आधीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन.

नाक आणि रूप यांचा विषय निघाला की मला डॉ. नोशीर अँटिया यांची आठवण होते. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकून ते परत आले. मनात आणले असते तर मलबार हिलच्या श्रीमंतांची नाके सरळ करून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात गेले. कुष्ठरोगात नाकाच्या आतले अस्तर आणि कूर्चा झडते व नाक बसते. औषधाने जंतू मरतात, माणूस बरा होतो, पण बसलेले नाक जगाला सांगत राहते. त्याला कोणी कामावर ठेवत नाही, घरचे ताट वेगळे ठेवतात. डॉ. अँटियांनी अशा नाकांना आतून आधार देऊन ती उभी केली, वाकलेले हात सरळ केले. पुढे १९५८ मध्ये जे. जे. रुग्णालयात टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हातून. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते गेले.

बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णाचे नाक उभे करणे ही गरज की हौस? श्वास तर तो आधीही घेत होता. तरीही राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात अशा रुग्णांच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होतात, आणि ते योग्यच आहे. रोगाने जे नेले ते परत देणे हा उपचाराचाच भाग आहे, मग ते हाताचे बोट असो वा चेहरा. म्हणून ‘अवयवाचे काम अडले तरच मिळते’ असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे माना. काम अडले आहे का, हा एक प्रश्न. हे कशामुळे झाले, हा दुसरा. दोहोंपैकी एकाचे उत्तर बाजूने असले तरी दार बंद झालेले नसते.

या कामाला पुणेच नवे नव्हते म्हणा. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकीकत छापून आली होती. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले होते आणि पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका मराठी माणसाने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा बसवले होते. ते वाचून इंग्रज शल्यविशारद कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुताचे नाव आपण अभिमानाने घेतो, या वीटकाम्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

जन्मतः दुभंगलेला ओठ आणि टाळू यांबाबत तर मुळीच संकोच करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या राज्यातच, पालघरला झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करून शोधायच्या ज्या तीस व्याधी ठरवल्या आहेत, त्यांत ही एक आहे. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची दीड वर्षाच्या आत व्हावी, म्हणजे बोलणे स्पष्ट येते. ‘स्माईल ट्रेन’ ही संस्थाही अनेक रुग्णालयांमार्फत या शस्त्रक्रिया विनामूल्य करवते. ग्रहणाचा दोष म्हणून बाळ पाच वर्षांचे होईपर्यंत घरात ठेवणारी कुटुंबे मी बोरिवलीतही पाहिली आहेत, खेड्याला उगाच नावे ठेवायला नकोत.

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागला तर त्याची पुनर्रचना हा उपचाराचाच भाग आहे. मात्र पहिल्या शस्त्रक्रियेआधीच सर्जनना विचारा, कारण दोन्हीचा बेत बरोबर आखता येतो. बायका हे विचारतच नाहीत. नवऱ्यांनी विचारावे.

तेजाब फेकले गेले असेल तर नियम वेगळे आणि अधिक भक्कम आहेत. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान ३ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. एप्रिल २०१५ मध्ये, खाजगी रुग्णालयांनीसुद्धा पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांसह संपूर्ण उपचार विनामूल्य केले पाहिजेत, असे सांगितले. प्रथम जिथे उपचार होतात त्या रुग्णालयाने ‘ही व्यक्ती तेजाब हल्ल्याची बळी आहे’ असे प्रमाणपत्र द्यायचे आहे. ते मागून घ्या आणि सांभाळा. पुढच्या दहा-वीस शस्त्रक्रिया त्या कागदावर होतात. राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. २०१६ च्या कायद्याने अशा व्यक्तींना दिव्यांगांचे हक्कही मिळाले आहेत.

आता न बसणाऱ्या गोष्टी. केस रोवणे, पोटाची चरबी काढणे, सुरकुत्या, नाकाचा बाक, पोलीस भरतीआधी गोंदण पुसणे. यांसाठी कार्ड दाखवू नका, तुमचा आणि आरोग्यमित्राचा वेळ जाईल. नाकाच्या आतला पडदा वाकडा होऊन श्वास अडत असेल तर गोष्ट निराळी. ते कान-नाक-घसा विभागाचे काम आहे. पापणी पडून बुबुळ झाकले जात असेल तर तो दृष्टीचा प्रश्न आहे. आणि काही सीमेवरच्या गोष्टी असतात, जसे अतिशय जड स्तनांमुळे मान-पाठ कायम दुखणे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही रूपासाठी शस्त्रक्रिया क्वचितच मिळते; शारीरिक किंवा मानसिक कारण मोठे असावे लागते. ब्राझीलमध्ये मात्र डॉ. इव्हो पितांगी यांनी रिओच्या एका धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी सौंदर्यशस्त्रक्रियेचाही विभाग चालवला. आपल्याकडे भाजलेल्यांसाठी खाटा पुरत नाहीत तोवर माझा कौल भाच्याच्या विरुद्धच पडेल. तरी मनाचा त्रास आपल्याकडे कागदावर येतच नाही, हे मला खटकते. चेहऱ्यापायी शाळा सोडलेल्या मुलीबद्दल मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल जोडता आला तर तो जरूर जोडावा.

मुंबईत येणाऱ्यांनी वाट अशी धरावी. उपनगरात घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, मुलुंडचे अगरवाल, कांदिवलीचे शताब्दी ही पालिकेची रुग्णालये आहेत. नातेवाईक राहतात त्याच्या जवळच्या रुग्णालयात आधी दाखवावे आणि तिथून चिठ्ठी घ्यावी. मोठे प्लास्टिक सर्जरी विभाग परळचे के. ई. एम., शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि राज्य सरकारचे जे. जे. येथे आहेत. योजनेतील रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका, आधार आणि जुने सगळे कागद त्याला दाखवा. रुग्णालय फोटो व तपासण्या पाठवून पूर्वपरवानगी मागते. नकार आला तर कारण लेखी मागा. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. योजनेत नसलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयातही १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून असतात; त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार व ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदाराचा दाखला लागतो. तो गावीच काढून आणा, मुंबईत आल्यावर त्यासाठी परतीची गाडी धरावी लागते.

पत्र लिहिणाऱ्या शेतकरी वाचकांना मी उत्तर पाठवले आहे. मुलीला आधी आपल्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून सारे निःशुल्क आहे. तिथल्या सर्जनकडून ‘उजव्या हाताची दोन बोटे उघडत नाहीत, मूठ व पकड अपुरी, लेखन अशक्य’ असे चिठ्ठीवर लिहून घ्या. बोटांचा एक्स-रे काढून ठेवा. दिवाळीच्या सुटीत भांडुपला या, कारण नंतरचे व्यायाम आणि स्प्लिंट यांना काही आठवडे लागतील. शाळेच्या मुख्याध्यापकांना आधीच कळवून ठेवा. आणि धाकट्या भावाला माझे हे पत्र वाचायला द्या.